फेकलेला हातोडा परत येतो का?

भांडणात हाताला लागेल ते फेकून मारायची खोड लहानपणी आपल्यापैकी बहुतेकांना असते. चप्पल, कंपासपेटी, खोडरबर. वर्गात डस्टरही असायचं, पण ते सरांचं राखीव अस्त्र. फेकताना एकदम सही वाटतं. पुढच्याच सेकंदाला कळतं की आपला हात रिकामा आहे. नेम चुकला असेल तर त्याहून वाईट, कारण आता आपली चप्पल समोरच्याच्या हातात आहे. फेकून मारण्यातला सगळा लोच्या या एका सेकंदात आहे. नेमाचा विचार सगळेच करतात, रिकाम्या हाताचा कुणीच नाही.

मी मात्र गेली अडीच वर्षं जवळजवळ दर पंधरवड्याला तो करतेय, टेबलाशी बसून, चहा पीत. कारण एकच, डन्जन्स अँड ड्रॅगन्स.

ज्यांना हा प्रकार ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मुळे फक्त नावाने माहीत आहे, त्यांच्यासाठी दोन मिनिटांत फंडा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी हा खेळ काढला. एक जण सूत्रधार, त्याला म्हणायचं डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी भुरटा चोर. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. आपल्या कोकणातल्या दशावतारात कशी लिहिलेली संहिता नसते, गोष्ट ठरलेली पण संवाद तिथल्या तिथे, तसंच काहीसं. फक्त इथे गोष्टही ठरलेली नसते. आणि रावणाला मारताना फाशावर १ पडला तर बाण रामाच्याच पायाशी पडतो.

आमच्या ग्रुपमध्ये डीएम धरून पाच जण. डीएम दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्यामुळे नियमातली भोकं शोधण्यात त्याला विकृत आनंद मिळतो. एक आर्किटेक्ट, एक फिजिओथेरपिस्ट, एक सीए आणि मी. सीए पुढच्या महिन्यात टोरांटोला चाललीय. ‘दोन वर्षांनी बघू’ असं ती म्हणते, म्हणजे काय ते आपल्याला कळतं. म्हणून एकाच टेबलाशी बसून खेळायचं शेवटचं सेशन दिवेआगरला करायचं ठरलं. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, मग म्हसळा, मग तो समुद्र दिसणारा उतार. ओसरीवर लाकडी टेबल असलेलं एक घरगुती राहण्याचं ठिकाण मिळालं, नारळ-सुपारीच्या वाडीतच. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने इथल्या वाड्या आडव्या केल्या होत्या. नवी सुपारी अजून उंचीला लहान आहे, त्यामुळे ओसरीवर ऊन जरा जास्त येतं.

पोहोचल्यावर कळलं की लढाईसाठीची छोटी छोटी प्यादी पुण्यालाच राहिली. काकूंनी सुपडीभर सुपाऱ्या दिल्या. श्रीवर्धनी रोठा, म्हणजे आमचा एकेक गोब्लिन भारीतला. दैत्यासाठी असोला नारळ. “रात्रभर सुपाऱ्या मांडून काय करता रे पोरांनो?” काकूंनी विचारलं. डीएम म्हणाला, “लढाई, काकू.” काकू म्हणाल्या, “मग सकाळी मोजून परत द्या. लढाईत मेलेल्यासुद्धा.”

आता त्या लढाईतला एकच क्षण सांगते, कारण बाकी सगळी चर्चा त्यातूनच निघाली.

एक अरुंद साकव, एका वेळी एकच माणूस मावेल इतका. आमच्या बाजूला गाव, जिथे आमची पात्रं खेळातलं दीड वर्ष राहत होती. पलीकडून येणारा दैत्य. आमच्या टोकाला सीएचं पात्र, धोंडू नावाचा बुटका योद्धा. (‘धोंडू’ हे नाव तिने विमा कंपनीचा फॉर्म भरावा इतक्या गांभीर्याने निवडलं होतं.) धोंडूपासून २० फुटांवर, साकवाच्या मधोमध, माझं पात्र बेशुद्ध पडलेलं. ३० फुटांवर असोला नारळ.

धोंडूच्या हातात विजेचा भाला. पुस्तकात याचं नाव जॅव्हलिन ऑफ लाइटनिंग. चौदा महिन्यांपूर्वी एका थडग्यात मिळालेला आणि सीएने जिवापाड जपलेला. २०१४च्या पुस्तकाप्रमाणे त्याचं काम असं चालतं: भाला फेकताना ठरलेला परवलीचा शब्द म्हणायचा, की त्याची वीज होते. फेकणाऱ्यापासून लक्ष्यापर्यंत १२० फुटांच्या आतली ५ फूट रुंदीची सरळ रेघ. रेघेत जे कुणी असतील, शत्रू-मित्र न बघता, त्यांनी चपळाईचा फासा टाकून वाचायचं. नाही वाचले तर सहा बाजूंच्या चार फाशांइतका मार, वाचले तर निम्मा. लक्ष्यापाशी पोहोचल्यावर विजेचा पुन्हा भाला होतो आणि तो लागला तर भाल्याचा मार अधिक विजेचा मार. शब्द पुन्हा वापरायला दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडावी लागते. शब्द न म्हणता फेकला, तर तो नुसता भाला. जादूचा असला तरी भालाच.

आणि रेघेत मी.

या खेळात हिट पॉइंट शून्यावर आले की पात्र लगेच मरत नाही. दर खेपेला एक फासा टाकायचा, तीनदा फसला की संपलं. माझे दोन फसले होते. अशा पडलेल्या पात्राला कुठूनही मार बसला, तर तो एक फसलेला फासा धरतात. बेशुद्ध माणूस चपळाईने उडी मारू शकत नाही, त्यामुळे वाचायचा फासा आपोआप गेला. म्हणजे सीएने तो शब्द म्हटला, तर माझं अडीच वर्षांचं पात्र तिच्या हातून मरणार. नाही म्हटला, तर दैत्याला मारायचं कशाने? आर्किटेक्टने हिशोब मांडला: वीज धरून सरासरी मार साडेएकवीस, नुसत्या भाल्याचा साडेसात. माझ्या अंगावरून पलीकडे जाऊन मग फेकावं, तर त्याला ३० फुटांची चाल लागते आणि बुटक्यांची चाल २५. पाच फूट कमी. डीएमने हे मुद्दाम मोजून मांडलं होतं का, हे तो आजही सांगत नाही.

आमच्याकडे नियम आहे, बेशुद्ध पात्राच्या मालकाने बोलायचं नाही. मी गप्प. फिजिओ म्हणाला, “अगं, गाव आहे मागे.” सीए बराच वेळ फासा हातात घोळवत बसली. मग म्हणाली, “शब्द म्हणत नाही.”

नुसता भाला गेला, लागला. दुसऱ्या वारासाठी तिने कमरेची कुऱ्हाड काढून फेकली. फेकायच्या कुऱ्हाडीचा सोयीचा पल्ला २० फूट. त्यापुढे ६० फुटांपर्यंत फेकता येते, पण दोन फासे टाकून त्यातला लहान आकडा घ्यायचा. लहान आकडा ४ होता. कुऱ्हाड खाडीत.

तेव्हा डीएमने अगदी हळू विचारलं, “धोंडूच्या हातात आता काय आहे?”

काहीच नव्हतं. भाला दैत्याच्या पायाखाली, कुऱ्हाड पाण्यात. दैत्य साकव ओलांडून गेला. मी वाचले, गाव गेलं. दैत्याचे त्या क्षणी १९ पॉइंट उरले होते, हे डीएमने सेशन संपल्यावर सांगितलं आणि फिजिओने डोकं टेबलावर आपटलं.

रात्री दोनपर्यंत ओसरीवर एकच वाद चालला: भाला परत हातात यायला हवा होता की नाही? डीएमची बाजू नियमाची, फिजिओची बाजू गावाची. एरवी मी अशा वादात टीपी करते, पण या वेळी माझं पात्र जिवंत होतं ते कशामुळे, हाच प्रश्न होता. आणि या प्रश्नावर खेळाने पन्नास वर्षांत इतकी वेगवेगळी उत्तरं दिलीत की वाचताना मजा येते.

आधी साध्या गोष्टी, कारण नवे खेळाडू हमखास इथे अडकतात. फेकायचं म्हणजे चपळाईचं काम, असं आपल्याला वाटतं. धनुष्य आणि गोफणीला ते खरंही आहे. पण कुऱ्हाड, भाला, हातोडा ही मुळात हातात धरून मारायची शस्त्रं. ती फेकली तरी ताकदच मोजतात, हातात असताना मोजतात तीच. खंजीर तेवढा सवलतीचा, त्याला दोन्हींतलं जास्त असेल ते घ्या. शस्त्र ‘प्लस वन’ जादूचं असेल, तर तो एक नेमातही मिळतो आणि मारातही, हातात असो वा हवेत. बाणाचं मात्र वेगळं. जादूचा बाण एकदा लागला की त्याची जादू संपते. फेकलेल्या भाल्याची संपत नाही, तो तिथे पडून राहतो, जादूसकट, कुणीही उचलावा असा. हे मला फार आवडतं. बाण म्हणजे खर्च. भाला म्हणजे उधारी.

आणि अंतरं. पुस्तकात फूट वाचून काही कळत नाही, म्हणून आम्ही ती दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पावलांनी मोजली. कुऱ्हाडीचा लांबचा पल्ला ६० फूट, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडा कमी (पिच ६६ फूट). सोयीचा पल्ला २० फूट म्हणजे पिचच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. बोलरच्या हातातली कुऱ्हाड अंपायरच्या पुढे चार ढांगा टाकते आणि तिथून पुढे नशीब! भाल्याला ३० आणि १२०. १२० फूट म्हणजे साडेछत्तीस मीटर. नीरज चोप्राने २०२१ साली टोकियोत ८७.५८ मीटरला सोनं घेतलं, तेव्हा पुस्तकवाले कंजूष वाटतात. पण नीरजसमोर कुणी ढाल घेऊन नाचत नव्हतं. शिवाय खेळातली फेरी सहा सेकंदांची. सहा सेकंदांत पळायचं, भाला काढायचा, नेम धरायचा आणि फेकायचा. ते बघता हिशोब ठीक वाटतो.

शस्त्र काढण्यावरूनही भांडणं व्हायची. २०१४च्या नियमांत एका खेपेला एकच वस्तू फुकटात काढता यायची. दुसरी काढायची तर वार सोडा. म्हणजे कमरेला सहा कुऱ्हाडी लटकवलेला योद्धा एक फेकून दुसरीसाठी खिसे चाचपत बसायचा. २०२४च्या सुधारित पुस्तकाने हे एका वाक्यात मिटवलं: फेकायचं शस्त्र काढणं हा फेकण्याचाच भाग. उशिरा सुचलं, पण सुचलं.

आता परत येण्याचं. अगदी सुरुवातीपासून या खेळात एक हातोडा आहे, बुटक्याने फेकला तर त्याच्याकडे परत येणारा. ड्वार्व्हन थ्रोअर. २०१४च्या पुस्तकात तो वार झाल्या झाल्या हातात येतो. लागला तरी, चुकला तरी. त्यामुळे एका खेपेला दोन वार मिळणारा योद्धा तोच हातोडा दोनदा फेकतो. रिकामा हात हा प्रकारच नाही. खेळायला सॉलिड, पण खरं सांगू? थोड्या वेळाने बोअर होतं. तो हातोडा म्हणजे बंदूक झाली, दाढीवाली.

२००३च्या साडेतीनव्या आवृत्तीतला ‘रिटर्निंग’ गुण मला त्याहून हुशार वाटतो. तिथे फेकलेलं शस्त्र परत येतं, पण तुमची पुढची खेप सुरू होण्याच्या जरा आधी. तोपर्यंत हात रिकामा. आणि फेकल्यावर तुम्ही जागेवरून हललात, तर ते येऊन तुम्ही आधी उभे होतात तिथे पडतं. तुम्हाला शोधत येत नाही. म्हणजे फेकायचं तर पाय रोवून उभं राहा आणि सगळ्यांचे वार झेला. शिवाय ते स्वस्त नाही. साधी ‘प्लस वन’ तलवार जादूच्या भागापुरती २,००० सोन्याच्या नाण्यांची. तिला फेकण्याचा गुण आणि परतण्याचा गुण जोडला की तीच १८,०००ला जाते. नऊ पट! आमच्या सीएने हा आकडा ऐकून व्यावसायिक आदराने मान हलवली.

पाथफाइंडर हा याच कुळातला दुसरा खेळ. त्याच्या २०१९च्या आवृत्तीत शस्त्र लगेच परत येतं, पण तेवढ्यात तुम्ही हात भरून ठेवलेत तर ते पायाशी पडतं. परत येणाऱ्यासाठी हात मोकळा ठेवायचा. (यावर प्रेमकवितांच्या पानासाठी कुणीतरी लिहा, मी नाही.)

आणि गंमत बघा. परत येणारा हातोडा म्हटलं की आठवतो थॉर. नॉर्स कथांत त्याचा म्योल्निर फेकला की हातात परत येतो. पण २०१४च्या पुस्तकात त्याच्या वळणाचा जो हातोडा आहे, हॅमर ऑफ थंडरबोल्ट्स, तो परत येतच नाही. वर त्याच्या गडगडाटाने लक्ष्याभोवतीचे ३० फुटांतले सगळे सुन्न होऊ शकतात, आणि फेकायचा सोयीचा पल्ला २० फूट. म्हणजे जवळून फेकलात तर तुम्हीही त्यांच्यातच.

खऱ्या जगात परत येणारी वस्तू म्हणजे बूमरँग. पण तोही परत येतो तो चुकला तर. लागला की तिथेच पडतो. लागूनही परत येणं ही शुद्ध जादू, आणि म्हणूनच तिची किंमत किती लावायची हा खरा प्रश्न आहे.

किंमत लावण्यात आपल्या महाभारताचा हात कुणी धरू शकणार नाही, असं माझं मत त्या रात्री झालं. कर्णाची वासवी शक्ती घ्या. कवचकुंडलं कापून दिली तेव्हा इंद्राकडून मिळालेली. वर्णन वाचलं तर थेट जादूच्या वस्तूंच्या पुस्तकातलं पान वाटतं: एकाच बलाढ्य शत्रूला मारेल, मग इंद्राकडे परत जाईल. जिवावर बेतलेलं नसताना सोडलीस, तर तुझ्यावरच उलटेल. कर्णाने ती अर्जुनासाठी जपली, अगदी धोंडूने भाला जपावा तशी. चौदाव्या दिवशी युद्ध रात्रीही चालू राहिलं, कृष्णाने घटोत्कचाला पुढे केलं, त्याने कौरवांची सेना झोडपून काढली आणि सगळे कर्णावर ओरडायला लागले: सोड ती शक्ती, नाहीतर सकाळ कोण बघणार? त्याने सोडली. घटोत्कच पडला. शक्ती परत गेली, पण कर्णाच्या हातात नाही, इंद्राकडे. पांडव रडत होते आणि कृष्ण आनंदाने नाचत होता, कारण कर्णाचा हात आता रिकामा होता. मारापेक्षा रिकामा हात मोठा, हे त्या रणांगणावर एकट्या कृष्णाला कळलं होतं.

फिजिओला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, कर्णाने निदान गाव तरी वाचवलं. सीए काहीच बोलली नाही. नंतर पाणी प्यायला आत जाताना मला एवढंच म्हणाली, “तुला मारून टोरांटोला गेले असते, तर तू काय व्हिडिओ कॉलवर खेळली असतीस का?” मी म्हटलं, “नवं पात्र केलं असतं.” ती म्हणाली, “हो, पण माझ्याशी बोलली नसतीस.” फासे, पॉइंट, फूट सगळं मोजता येतं, पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

महाभारतात परत बोलावणं हे शस्त्राचं नाही, माणसाचं कसब आहे, हेही मला फार आवडतं. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात. ऋषी मध्ये पडतात. अर्जुन स्वतःचं मागे घेतो. अश्वत्थाम्याला सोडता येतं, मागे घेता येत नाही, मग तो ते उत्तरेच्या गर्भाकडे वळवतो. मला विचाराल तर परत येणाऱ्या शस्त्राला नाणी मोजण्याऐवजी असं काहीतरी हवं. फेकणाऱ्याने फासा टाकावा, आणि जमलं तरच परत यावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणात उकडीचे मोदक झाल्यामुळे कुणाचीच फार चालायची तयारी नसताना, आम्ही रूपनारायणाच्या देवळात गेलो. दिवेआगरला लोक सुवर्णगणेशासाठी येतात आणि बरेचसे हे देऊळ न बघताच जातात. बघा, चुकवू नका. गाव जुनं आहे, इथे शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा मराठी ताम्रपट सापडलाय. आणि रूपनारायणाची विष्णुमूर्ती शिलाहार काळातली मानतात, काळ्या दगडाची, भोवती दशावतार कोरलेले. चार हात: शंख, चक्र, गदा, पद्म. डीएम हात जोडून उभा होता, पण मनात काय चाललंय ते कळत होतं. बाहेर आल्या आल्या म्हणाला, “परफेक्ट लोडआउट. एक धरून मारायचं, एक फेकायचं, एक आवाजाचं आणि एक नुसतं छान.” मग सुदर्शन परत येतं ते कुठल्या आवृत्तीप्रमाणे, यावर दोघं चप्पल घालेपर्यंत भांडले.

खरं तर आपल्याकडे याची वर्गवारी तयार आहे. अग्निपुराणातल्या धनुर्वेदात युद्धाचे पाच प्रकार दिलेत. यंत्राने सोडायचं ते यंत्रमुक्त, धनुष्यासारखं. हाताने फेकायचं ते पाणिमुक्त, दगडासारखं. फेकायचंच नाही ते अमुक्त, तलवार. शस्त्राशिवाय ते बाहुयुद्ध. आणि मधे एक मुक्तसंधारित, म्हणजे सोडायचंही आणि धरायचंही, भाल्यासारखं. ‘थ्रोन’ गुणाला इतका नेमका शब्द इंग्रजी पुस्तकात नाही. धोंडूच्या कागदावर सीएने त्याच संध्याकाळी तो लिहून टाकला.

पण या सगळ्यात माझं मन जिंकलं ते जादू नसलेल्या शस्त्राने. मराठ्यांचा विटा. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात दांडपट्ट्याबरोबर अजून दिसतो: दोरी बांधलेला भाला, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा आणि हिसडा देऊन परत ओढायचा. ना इंद्र, ना १८,००० नाणी. परत येण्याचा पल्ला दोरीच्या लांबीइतकाच, आणि त्याची किंमतही दोरीतच आहे, कारण समोरच्याने ती पकडली तर ओढले जाता तुम्ही.

आम्ही हे करून पाहिलं. काकांकडून एक सुंभ आणि वाडीतली एक काठी मागून घेतली, किनाऱ्यावर एक असोला नारळ ठेवला आणि दहा फुटांवरून सुरुवात केली. काठी जाते बऱ्यापैकी सरळ. परत येते ती मात्र आडवी, वाळूत उड्या मारत, आणि थेट नडगीवर. आर्किटेक्टने दोरी गुंडाळून धरली होती, ती काठीमागे नीट उलगडेचना, मधेच हिसका बसून काठी वळायची. मग दोरीचा पसरट वेढा डाव्या हातात सैल धरायचा हे सुचलं आणि जरा जमायला लागलं. अर्ध्या तासात नारळाला दोनदा लागली. घोड्यावरून हे करणाऱ्यांबद्दल मी इथून पुढे टोपी काढून बोलणार आहे. फिजिओने दुसऱ्या टोकाला उभं राहून काठी पकडून बघितली आणि डीएम अडीच ढांगा वाळूत ओढला गेला. तिथेच त्याने खिशातून पेन काढलं.

सध्याचा आमचा घरचा नियम असा आहे, हवा तर तुमच्या टेबलाला लावा. धोंडूचा नवा विटा, पल्ला १० फूट, दोरी असेपर्यंत त्यापुढे नाही. लागला वा चुकला, त्याच खेपेत छोटी कृती खर्च करून परत ओढता येतो, पण ती कृती मग दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. समोरच्याला तेवढ्यात दोरी पकडायची संधी, दोघांनी ताकदीचा फासा टाकायचा, हरेल तो पाच फूट ओढला जाणार. साकवावर असाल तर थेट पाण्यात. मनगटाची गाठ सोडायची तर अख्खी खेप जाते.

दोरी तुटण्यावर मात्र अजून एकमत नाही. २०१४च्या पुस्तकात दोरीला २ हिट पॉइंट दिलेत, आणि हिसडून तोडायची तर ताकदीच्या फाशावर १७ आणायचे. डीएम म्हणतो, पुस्तकात आहे तेच. सीएने टोरांटोच्या बॅगेत तो सुंभ भरलाय, आणि तिचं म्हणणं आहे की त्याने आधी हा हाताने तोडून दाखवावा, मग दोन पॉइंटचं बोलावं.